नियम सगळ्यांना सारखेच ठेवलेत, तरी पैसे त्याच त्या संस्थांकडं का जातात?

प्रश्न थोडक्यात असा होता. सोलापुरात टॉवेलचा कारखाना असलेल्या एका घराचा वडिलांच्या नावाचा ट्रस्ट आहे. वर्षाला साधारण १५ लाख रुपये शिक्षण आणि आरोग्यासाठी देतात, पेपरात जाहिरात देऊन अर्ज मागवतात, नियम सगळ्यांना एकच. मुलीनं मागच्या चार वर्षांची यादी काढली तर फिरून फिरून तीच सात-आठ नावं, आणि सेटलमेंटकडचं, नई जिंदगी या मुस्लिम वस्तीतलं, बंजारा तांड्यावरचं एकही नाही. ‘आम्ही कुणाला नाही म्हटलेलं नाही, तिकडून अर्जच येत नाहीत. मग काय कोटा ठेवायचा का?’

मालक, पहिल्यांदा तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. घरच्या ट्रस्टची यादी काढून त्यात कोण नाहीये हे बघणारी माणसं मी वीस-बावीस वर्षांत फार थोडी पाहिलीत. मी आधी सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या मुलांचे वर्ग घ्यायचे, मग एका मोठ्या फाउंडेशनमध्ये अर्ज वाचायला बसले, आणि आता लहान संस्थांना अर्ज लिहून देते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

कोट्याचं शेवटी बोलू. त्याआधी हे बघायला पाहिजे की निवड नेमकी होते कधी. तुमच्याकडं पोचलेल्या अर्जांतून तुम्ही प्रामाणिकपणे निवडता याबद्दल मला शंका नाही, पण ते अर्ज आधीच चाळून आलेले असतात आणि ती चाळण तुमच्या जाहिरातीनं, तुमच्या फॉर्मनं आणि तुमच्या शेवटच्या तारखेनं लावलेली असते.

असला एक फॉर्म मी स्वतः बनवलाय म्हणून हक्कानं बोलते. चौदा पानांचा. तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, १२ए, ८०जी (आयकर सवलतीचे दाखले), विश्वस्तांचे पॅन, आधीच्या देणगीदाराचं पत्र, आणि वर एक रकाना, ‘कामाचा परिणाम मोजता येईल अशा शब्दांत लिहा’. पहिल्या वर्षी गठ्ठा आला तेव्हा आम्ही खूश, सगळे अर्ज एकजात सुबक टाइप केलेले. नंतर वाचताना लक्षात आलं की त्यातले बरेच पुण्यातल्या एकाच सल्लागारानं लिहिलेत, वाक्यंसुद्धा तीच ती, एका अर्जात तर मधेच दुसऱ्याच संस्थेचं नाव राहून गेलं होतं. आणि मजा बघा, त्याला आम्ही पैसे दिले. कागद पूर्ण होते ना.

त्याच वर्षी सेटलमेंटकडं एक पारधी बाई एका खोलीत संध्याकाळचा वर्ग घेत होती, स्वतः नववीपर्यंत शिकलेली, एकोणीस पोरं. सेटलमेंट म्हणजे काय हे बाहेरच्यांसाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायच्या या वसाहती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण आजही तिथला पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. तर ह्या बाईनं अर्ज केला नाही. का विचारलं तर म्हणाली, ‘ऑडिट म्हणजे साहेब लोक येऊन तपासणार ना, नको बाई, आमच्याकडं तपासायला आलेलं चांगलं नसतंय.’ मी तिची वही मागितली. कुठलं पोर कुठल्या दिवशी शाळेत गेलं, कुठल्या दिवशी नाही आणि का नाही, ‘आईसंगं भंगाराला’, ‘पोलिस आलते’, ‘ताप’, असं रोजचं लिहिलेलं, खडूच्या पेटीचे पैसेसुद्धा तारखेसकट. आमच्याकडं आलेल्या कुठल्याच चौदा पानी अर्जात इतका खरा हिशेब नव्हता. पण तिच्या वहीसाठी आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तुम्ही म्हणाल तिनं संस्था रजिस्टर करावी. करावी ना, पण धर्मादाय कार्यालयात नोंदणीला कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचं ना हरकत लागतं, आणि पारधी बाईला खोली भाड्यानं देणाराच मुश्किलीनं सापडतो तिथं सही करून देणारा कुठून आणायचा. सारखा नियम सगळ्यांना सारखा जड पडत नाही हो.

दुसरी चाळण वेळेची. आम्ही एकदा अर्ज कसा भरायचा याची कार्यशाळा ठेवली, सात रस्त्याजवळ हॉल, सकाळी ११, जेवण फुकट. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचे दोन बचत गट येणार होते, आले नाहीत. सकाळची वेळ ही कारखान्यात माल द्यायची वेळ. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन जायचं, रांगेत थांबायचं, तपासणारा छाट म्हणजे खराब विड्या काढणार, मग उद्यासाठी पान-तंबाखू घेऊन यायचं. आमच्या जेवणासाठी तिनं दिवसाची मजुरी सोडावी असं आमचं म्हणणं होतं, आणि वर रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं की समाजाचा प्रतिसाद कमी. पुढच्या वेळी अशोक चौकाच्या पुढं एकीच्या घरीच रात्री साडेआठला बसलो, सगळ्या आल्या, हात विड्यांवर आणि कान आमच्याकडं. आणि बोलणं तेलुगूत. ही तिसरी चाळण, भाषा. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू, तांड्यावर गोरबोली, आणि अर्ज मात्र सदाशिव पेठी मराठीत नाहीतर इंग्रजीत. आता मी सरळ सांगते, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पाच मिनिटांचा, जी भाषा येते त्या भाषेत. ऐकणारं माणूस शोधायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची.

आता जरा आपल्या गावाचं बोलते कारण त्याशिवाय हे कळत नाही. सोलापुरात दानत कमी आहे असं कुणी म्हणू नये. जैन समाजानं, लिंगायत समाजानं, पद्मशाली समाजानं शाळा काढल्या, बोर्डिंगं काढली, वाचनालयं काढली, आणि त्याचा फायदा इतर जातीच्या पोरांनाही झाला, मीसुद्धा अशाच एका वाचनालयात बसून शिकलेय. पण ज्या समाजाकडं गिरणीचा नाहीतर पेढीचा पैसा होता त्यांचा ट्रस्ट झाला, ज्यांच्याकडं काहीच नव्हतं त्यांचा झाला नाही. म्हणजे आपापल्या समाजाला द्यायचं ठरवलं की सगळ्यात मागं राहिलेल्याला सगळ्यात कमी मिळतं, कुणी वाईट वागलं नाही तरीसुद्धा. आणि बाहेरच्या मोठ्या पैशाचं म्हणाल तर शेजारचा धाराशिव नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे मागं पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे, सोलापूर नाही, त्यामुळं कितीतरी कंपन्यांचे सीएसआरवाले (कंपनीचा समाजकार्याचा पैसा बघणारे) आपल्यावरून गाडी पुढं नेतात. म्हणून तुमच्यासारख्या घरच्या ट्रस्टचे १५ लाख मला त्यांच्या दीड कोटीपेक्षा मोलाचे वाटतात.

ह्याच गावातलं एक जुनं उदाहरण मी प्रत्येक देणगीदाराला सांगते. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि ४ जानेवारी १९२५ ला सभेनं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. सोलापूर नगरपालिका त्याला महिन्याला ४० रुपये मदत द्यायची. रक्कम बघू नका, पद्धत बघा. वसतिगृह ज्यांचं त्यांनीच चालवायचं, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येणार. पोरांना जेवण रोज लागतं, त्यामुळं पैसाही तसाच यायला पाहिजे हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं, आणि आपण आज मार्चएंडला एक मोठा चेक, हार, फोटो, की पुन्हा पुढच्या मार्चपर्यंत फोन उचलत नाही.

अजून एक चाळण आहे, बोलायला अवघड आहे पण बोलते. नई जिंदगीतल्या एका अभ्यासिकेचा अर्ज मी लिहून दिला होता. कागद सगळे पूर्ण, ऑडिट नीट. मुलाखतीत पहिला प्रश्न आला, ‘हे फक्त तुमच्याच लोकांसाठी आहे का?’ त्या आधीच्या अर्धा तासात एका बोर्डिंगचा अर्ज झाला होता, तिथं बहुतेक पोरं एकाच जातीची, त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारणारे गृहस्थ वाईट नव्हते हो, त्यांना ते जाणवलंसुद्धा नाही. मी तेव्हापासून एकच करते, प्रश्न आधी लिहून ठेवायचे आणि सगळ्यांना तेच विचारायचे, मधेच सुचलेला जादा प्रश्न विचारायचाच नाही. आणि विचारायचाच असेल तर मग सगळ्यांना.

इथं टॅक्सची एक गोष्ट सांगून ठेवते कारण कोट्याच्या नादात लोक फसतात. एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या फायद्यासाठीच काढलेल्या धर्मादाय ट्रस्टची आयकर सवलत जाऊ शकते, मात्र अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी काढलेल्या ट्रस्टला ही अट लागत नाही. तुमचा ट्रस्ट सगळ्यांसाठी आहे, त्यामुळं एखाद्या वस्तीत जास्त दिलं म्हणून आभाळ कोसळत नाही, तरी ठरावात धर्म लिहू नका, गरज आणि जागा लिहा. ‘मुस्लिम मुलींसाठी’ लिहिण्यापेक्षा ‘नई जिंदगी भागातल्या आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलींसाठी’ लिहा. काम तेच होतं आणि नेमकंही होतं. शेवटी तुमचा ट्रस्ट डीड, म्हणजे स्थापनेचा दस्त, काय म्हणतो त्यावर आहे, तो घेऊन सीएकडं एकदा बसाच.

मग नोंदणी नसलेल्या त्या बाईला पैसे द्यायचे कसे? तिला देणगी देऊच नका. तो वर्ग तुमच्या ट्रस्टचा उपक्रम म्हणून चालवा, खोलीचं भाडं थेट घरमालकाला, मानधन तिच्या बँक खात्यात, वह्या-फळ्यांचं बिल दुकानदाराला. हा ट्रस्टचा स्वतःच्या उद्देशावरचा खर्च झाला, आणि वर्ग कसा चालवायचा ते मात्र तिनंच ठरवायचं हे आधी कागदावर लिहून द्यायचं, नाहीतर सहा महिन्यांत तुमचा मॅनेजर तिला गणवेशाचा रंग सांगायला लागतो. दुसरा रस्ता म्हणजे एखादी ओळखीची नोंदणीकृत संस्था मधे घ्यायची, हिशेब तिनं ठेवायचा, काम गटानं करायचं. पण २०२३ च्या बजेटनंतर एका ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात हे ध्यानात असू द्या, शिवाय मधली संस्था कधी कधी फोटोत पुढं आणि पैशात मागं असते. मला पहिला रस्ता आवडतो, लहान ट्रस्टला तो झेपतो.

पैसे कशासाठी द्यायचे यावर मी जरा चिडते, आधीच माफी मागते. आपल्याकडं वह्या द्यायला सगळे तयार, चादरी वाटायला तर काय गावच आपलं, पण शिकवणाऱ्या बाईचा पगार म्हटलं की ‘तेवढं सोडून सांगा’. सीएसआरमध्ये ५ टक्क्यांची मर्यादा आहे असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, संस्थेच्या पगारावर नाही. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० पासून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, ती परदेशी पैशापुरती. तुमच्या कारखान्याच्या घरच्या पैशाला यातलं काहीच लागू नाही. आणि ज्याच्या मागं कुणी नाही त्याला हा मोकळा पैसाच सगळ्यात कमी मिळतो. अमेरिकेत ब्रिजस्पॅन आणि एकोइंग ग्रीन या संस्थांनी २०२० साली चांगल्या होतकरू संस्थांचा हिशेब मांडला होता, कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी निघालं, पण ज्या शिलकीवर कसलीच अट नाही ती ७६ टक्के कमी. तिथला वंशाचा प्रश्न आणि आपला जातीचा एक नाही, पण विश्वास कुणावर टाकला जातो ते ह्या दुसऱ्या आकड्यात दिसतं. मोठ्या आडनावाच्या संस्थेला आपण म्हणतो ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं वापरा’, आणि वस्तीतल्या पोराला म्हणतो ‘आधी खर्च करा, बिलं आणा, मग देतो’. त्यानं आधी खर्च करायचा कुठून? सावकाराकडून. असे पैसे व्याजानं काढून आमचा कार्यक्रम पूर्ण केलेला एक गट मला माहीत आहे, बिलं मंजूर व्हायला आमच्याकडंच तीन महिने लागले आणि व्याजाची पावती काही नियमात बसत नव्हती.

आता माझी चूक, कारण हे वाचून तुम्ही उद्याच पाच लाखांचा चेक घेऊन तांड्यावर जाल. एका तांड्यावर दोन पोरं चांगलं काम करत होती, सुट्टीत शाळा, वजन-उंची मोजणं वगैरे. मी भांडून भांडून त्यांना एकदम सहा लाख मंजूर करून घेतले. तोपर्यंत ती वर्षाला वीस-पंचवीस हजारांत काम करत होती. चार महिन्यांत तांड्यावर दोन तट पडले, नायकाच्या भाच्याला नोकरी द्या म्हणून दबाव, दोघांतल्या एकाचं घरात भांडण, आणि वर्षाअखेर एक जण पुण्याला कंपनीत लागला. काम बंद. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पै पैचा हिशेब होता. घाई माझी होती. पहिल्या वर्षी जेवढ्यात ते चालवत होते त्याच्या दुप्पट, फार तर तिप्पट द्यायचे, पुढच्या वर्षी त्यांनीच सांगायचं किती झेपतं. आणि तीन वर्षांचं वचन पहिल्याच दिवशी लेखी.

निवड समितीत कोण आहे? तुम्ही, भाऊ, सीए आणि एखादे निवृत्त प्राचार्य, बरोबर ना? बहुतेक ठिकाणी असंच असतं. त्यात वस्तीतल्या दोन बाया घ्या, आणि त्यांना त्या दिवसाचे पैसे द्या, मजुरी बुडते त्यांची. एक सांभाळा, प्रत्येक समाजाचा एक ‘आमच्या समाजाचं मी बघतो’ म्हणणारा पुढारी असतो, तो सगळ्यात आधी पोचेल तुमच्या ऑफिसात, पांढरा शर्ट घालून. त्याला चहा पाजा, समितीत घेऊ नका. वंचित समाजातसुद्धा वरचं-खालचं असतंच, पारध्यांतही आणि मुस्लिमांतही, आणि बायकांचं तर सगळीकडंच.

मुलीला एक काम सांगा. त्याच यादीपुढं चार रकाने काढायला सांगा: संस्था चालवणारं माणूस कुठल्या वस्तीतलं, किती रुपये, किती वर्षं, आणि पैशाला अट होती की मोकळा होता. ‘लाभार्थी कोण’ हा रकाना मुद्दाम नको, कारण तिथं सगळेच ‘गरीब व वंचित’ लिहितात. २००७ साली कॅलिफोर्नियात मोठ्या फाउंडेशननी असा तपशील जाहीर करावा म्हणून विधेयक आलं होतं, एबी ६२४. एका सभागृहात मंजूरही झालं, मग मोठ्या फाउंडेशननी अल्पसंख्याकांच्या संस्थांसाठी वेगळा पैसा लावायचं कबूल केल्यावर ते मागं घेतलं गेलं. कायदा झालाच नाही, पण मोजणार आहेत म्हटल्यावर पैसा हलला. तुमच्याकडं मोजायला आमदार नकोत, मुलगी आहेच.

तर कोटा. इतके पारधी, इतके मुस्लिम, असा नका ठेवू, पुढारी लोक त्याची वाटणी करून घेतील. १५ मधले ५ लाख ‘आमच्याकडून आजवर एक रुपया न मिळालेल्यांसाठी’ म्हणून वेगळे काढा आणि त्याला फॉर्म ठेवू नका. त्या पैशासाठी कुणीतरी पायी फिरायचं, तुम्ही किंवा मुलगी, मॅनेजरला पाठवू नका. हे जमेल का ते तुमच्या घरात वेळ कुणाकडं आहे यावर आहे. वेळ नसेल तर ५ ऐवजी २ लाख वेगळे काढा पण फिरा. जुन्या सात-आठ संस्थांना वर्षभर आधी सांगा, एकदम बंद केलंत तर तिथल्या पोरांचं नुकसान.

आणि शेवटची तारीख बदला. तुमची जाहिरात डिसेंबरात येते आणि मुदत ३१ जानेवारी, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी ऊसतोडीला जाणारे तांडे रिकामे असतात, म्हाताऱ्या आणि शेळ्या तेवढ्या मागं, निम्मं गाव सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. माणसं मार्च-एप्रिलात परत येतात. मे महिन्यात फिरा, संध्याकाळी सातनंतर, आणि जाताना वही घेऊन जा, फॉर्म नको.